तांब्याच्या कॉम्प्लेक्सचे स्फटिक कसे वाढवावेत: मोरचुदापासून कॉपर ॲसिटेटपर्यंत आणि त्यापुढे

मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, निळाशार स्फटिक अनेकांनी शाळेत कधी ना कधी वाढवलेला असतो. गरम पाण्यात विरघळवायचं, दोरा सोडायचा आणि वाट पाहायची. हीच रीत कॉपर ॲसिटेटला किंवा कॉपर ऑक्झलेटच्या कॉम्प्लेक्सला (तांब्याभोवती इतर घटक जोडलेल्या संयुगाला) जशीच्या तशी लावली, तर पुष्कळदा तळाशी नुसता फिकट निळा गाळ बसतो. मोरचूद पाण्यात गेलं की तांब्याभोवती पाण्याचे रेणू येतात, आणि पाण्याला तिथे तोटा नसतो. सेंद्रिय लिगंडचं, म्हणजे तांब्याला जोडून बसणाऱ्या ॲसिटेट-ऑक्झलेटसारख्या घटकाचं, तसं नाही. द्रावणात तो तांब्यापासून सुटू शकतो, त्याची जागा पाणी किंवा हायड्रॉक्साइड घेतं, आणि मग वेगळंच काहीतरी साक्याच्या रूपात खाली बसतं.

म्हणून या कामात मी एकच नियम सगळ्यात वर ठेवतो. जो घटक स्फटिकाच्या हातून निसटण्याची भीती आहे, तो द्रावणात गरजेपेक्षा थोडा जास्त ठेवायचा. ॲसिटेट करताना ॲसिटिक आम्ल, ऑक्झलेट करताना ऑक्झलेट, कॅल्शियमचं दुहेरी ॲसिटेट करताना कॅल्शियम. बाकीची कृती म्हणजे स्वच्छता आणि धीर.

सविस्तर कृतीसाठी कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट निवडलं आहे. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, तेव्हा तांबं आणि आम्ल यांची हीच ओळख होत असते, फक्त ती आपल्याला नको असते. या स्फटिकाची आतली रचनाही मोठी देखणी आहे. तांब्याचे दोन अणू समोरासमोर, त्यांना चारही बाजूंनी जोडणारे चार ॲसिटेट, आणि दोन्ही टोकांना पाण्याचा एकेक रेणू. चार पात्यांच्या चाकासारखी ही मांडणी १९५३ मध्ये एक्स-रेने उलगडली. त्या दोन तांब्यांमधलं अंतर सुमारे २.६२ अँगस्ट्रॉम आहे, तर धातूरूप तांब्यात शेजारच्या अणूंमधलं अंतर २.५६. जोडणाऱ्या ॲसिटेटमार्फत त्यांचे अयुग्मित (एकेकटे) इलेक्ट्रॉन एकमेकांशी जुळवून घेतात. ब्लीनी आणि बॉवर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या स्फटिकाच्या चुंबकीय वागणुकीवरून ही जोडी ओळखली, म्हणजे रचना हाती येण्याच्या आधीच. घरच्या व्हिनेगरमधून निघणारा स्फटिक इतकं सांगून जातो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आधी काळजी

तांब्याचे क्षार पोटात गेले तर विषारी आहेत, आणि पाण्यातल्या जीवांना तर अगदी थोड्या प्रमाणातही घातक. स्वयंपाकघरातलं भांडं, चमचा, गाळणं यापैकी काहीही या कामाला घेऊ नये, आणि एकदा घेतलं तर परत ओट्यावर नेऊ नये. काचेची किंवा जाड प्लास्टिकची भांडी वापरा. ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही. तांबं त्यावर बसतं आणि भांड्याला भोकं पडतात. हातमोजे आणि गॉगल हवेतच. ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ बिनपाण्याचं, ॲसिटिक आम्ल कातडी भाजतं, त्याची वाफ झोंबते आणि ते पेटतंही, म्हणून शक्यतो प्रयोगशाळेतच हाताळा. घरी काम करणार असाल तर पांढरं व्हिनेगर पुरेसं आहे. मुलं करणार असतील तर मोठं माणूस शेजारी हवं.

माल कुठला घ्यावा

द्राक्षबागांना बोर्डो मिश्रण लागतं, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात मोरचूद सहज मिळतं. ते फवारणीसाठी ठीक असलं तरी त्यात लोखंडाची भेसळ असू शकते. लोखंड द्विसंयुजी रूपात असेल तर ते मोरचुदाच्या स्फटिकात शिरकाव करतं, म्हणून नुसतं पुन्हा स्फटिकवून भागत नाही. ५० ग्रॅम मोरचूद ७० मिली गरम पाण्यात विरघळवा, त्यात औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड एक-दोन मिली घाला, काही मिनिटं उकळा, तपकिरी गढूळपणा आला तर गरम असतानाच गाळा आणि सावकाश थंड होऊ द्या. लोखंड त्रिसंयुजी झालं की ते बहुतांश वरच्या पाण्यातच राहतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॉपर सल्फेट हाती असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो.

व्हिनेगर घेताना बाटलीवरचं लेबल वाचा. पांढरं, रंग न घातलेलं आणि ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्लाचं हवं. सफरचंदाचं किंवा उसाचं व्हिनेगर इथे कामाचं नाही. त्यातले रंगद्रव्य आणि साखरेचे अंश स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसून वाढ अडवतात.

पहिली पायरी: कॉपर कार्बोनेट

मोरचूद आणि व्हिनेगर थेट मिसळून ॲसिटेट मिळत नाही, सल्फेट द्रावणातच राहतं. ते आधी काढून टाकायचं. २५ ग्रॅम मोरचूद २०० मिली कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १२ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा २०० मिली पाण्यात घ्या. सोडा खड्यांच्या रूपात, पाणी धरलेला असेल तर ३२ ग्रॅम घ्या. सोड्याचं द्रावण थोडं थोडं करत मोरचुदात ओता आणि ढवळत राहा. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या.

तापमानाकडे इथे नीट लक्ष द्या. गार पाण्यात निळा, चिकट, लपकासारखा साका येतो आणि तो गाळता गाळता दिवस जातो. ५० ते ६० अंशांवर थोडा वेळ ढवळत ठेवला की तो हिरवट आणि दाणेदार होतो आणि पटकन खाली बसतो. उकळी मात्र आणू नका. जास्त तापवलं की तो काळवंडतो, कारण कार्बोनेट मोडून कॉपर ऑक्साइड तयार होऊ लागतं.

साका बसला की वरचं पाणी ओतून टाका, नवं पाणी घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. असं किमान चार-पाच वेळा करा. प्रयोगशाळेत बेरियम क्लोराइड असेल तर शेवटच्या धुवणाचे थेंब त्यात टाकून पाहा. पांढरं दिसलं तर सल्फेट किंवा सोडा अजून आहे. धुण्याचा कंटाळा केला तर पुढे सोडियम सल्फेटचे रंगहीन स्फटिक मध्येच उगवतात. साका वाळवायची गरज नाही, ओलाच वापरा.

दुसरी पायरी: ॲसिटेट

ओल्या साक्यावर ४ टक्क्यांचं व्हिनेगर सुमारे ३५० मिली, टप्प्याटप्प्याने घाला. हिशेबाने ३०० मिली लागतं, वरचे ५० मिली म्हणजे तोच आपला जादा लिगंड. कोमट करून ढवळत राहिलात की फसफसणं थांबतं आणि गडद निळं-हिरवं द्रावण मिळतं. न विरघळलेलं काही तळाशी उरलं तर गाळून घ्या. (तांब्याची तार, व्हिनेगर आणि पेरॉक्साइड यांतूनही ॲसिटेट होतं, पण ते मिश्रण तापवणं धोक्याचं आहे आणि आम्लाचं प्रमाणही हातात राहत नाही, म्हणून मी कार्बोनेटचीच वाट सुचवतो.)

आता हे द्रावण आटवून सुमारे १२० मिलीपर्यंत आणायचं. गरम पाण्याच्या परातीत भांडं ठेवून, ६० ते ७० अंशांवर, हवेशीर जागी. खळखळ उकळलं तर ॲसिटिक आम्ल वाफेबरोबर जातं आणि हायड्रॉक्साइड मिसळलेल्या बेसिक ॲसिटेटचा फिकट निळा गाळ येतो. तसा गाळ दिसला तर थोडं व्हिनेगर घाला. ताजा असेल तर तो पुन्हा विरघळतो.

आटलेलं द्रावण झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गडद हिरवट-निळे, चकचकीत खडे दिसतील. कॉपर ॲसिटेट गार पाण्यात १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे २० ग्रॅम, त्यामुळे पहिल्या खेपेला दहाएक ग्रॅम हाती येतात. उरलेलं द्रावण फेकू नका, ते पुन्हा आटवता येतं.

बीज निवडणं

मोठ्या स्फटिकाचं भवितव्य इथेच ठरतं. ९ ग्रॅम ॲसिटेट १०० मिली पाण्यात, २ ते ३ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल घालून, ६० अंशांवर विरघळवा. घरी असाल तर अर्धं पाणी आणि अर्धं व्हिनेगर घ्या. गरम असतानाच गाळा. त्यातलं १५-२० मिली उथळ काचेच्या बशीत ओतून झाका, बाकीचं बाटलीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी बशीत बरेच खडे असतील. चिमट्याने एकेक उचला आणि भिंगाखाली बघा. कडा धारदार, पृष्ठभाग आरशासारखे, आत ढगाळ डाग नाहीत आणि दोन खडे एकमेकांत घुसलेले नाहीत, असा तीन-चार मिलिमीटरचा एकच निवडा. बीजात जो दोष असतो तो पुढे वाढतच जातो, म्हणून ‘हाही चालेल’ असं वाटणारा खडा बाजूला ठेवा.

बांधायला मासेमारीची अगदी बारीक नायलॉन दोरी घ्या. सुती दोऱ्याच्या तंतूंवर जागोजागी नवे खडे धरतात आणि मुख्य स्फटिकाच्या तोंडचा घास पळवतात. सरकगाठ मारून बीज अडकवा. ते जमत नसेल तर बीज सपाट तळाच्या भांड्यात ठेवा आणि रोज चिमट्याने कुशीवर वळवा.

वाढ

बाटलीतल्या द्रावणातही एव्हाना खडे बसलेले असतात. वरचं निवळ द्रावण हळूच दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओता. हे त्या दिवशीच्या, त्या खोलीच्या तापमानाला संपृक्त आहे. बीज पाण्यात क्षणभर बुडवून काढा, म्हणजे त्यावरचे कण निघून जातात, आणि मग या द्रावणात सोडा.

सोडल्यावर लगेच पाठ फिरवू नका. भांडं उजेडासमोर धरा आणि बीजाभोवतीचं द्रावण निरखा. बीज विरघळत असेल तर त्याच्या अंगावरून जड द्रावणाच्या पुसट, थरथरत्या रेघा खाली उतरताना दिसतात. वाढत असेल तर हलकं झालेलं द्रावण वर चढतं. रेघा खाली जाताना दिसल्या तर बीज ताबडतोब काढा, द्रावणात थोडं ॲसिटेट विरघळवून पुन्हा संपृक्त करा. हे बघायला शिकलात की तापमापक आणि वजनकाटा यांच्यावरचं अवलंबन निम्मं होतं.

भांड्यावर टाचणीने भोकं पाडलेला कागद बांधा. बाष्पीभवन जितकं सावकाश तितका स्फटिक पारदर्शक. दिवसाला अर्धा मिलिमीटर हा चांगला वेग, एकच्या वर गेला की आत द्रावणाचे कप्पे अडकतात आणि स्फटिक गढूळ होतो. हिशेबच करायचा तर १०० मिलीतलं अर्धं पाणी उडालं की साडेतीन ग्रॅम ॲसिटेट बाहेर पडतं. या स्फटिकाची घनता सुमारे १.९ आहे, म्हणजे सगळं एकाच खड्यावर बसलं तर जवळपास दोन घन सेंटिमीटर. प्रत्यक्षात काही वाटा तळाशी जातोच.

तापमानाच्या चढउतारापासून जपा. पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत मोठा फरक असतो. दुपारी स्फटिक विरघळतो, पहाटे घाईने वाढतो आणि अंगावर थर चढतात. भांडं पाण्याच्या मोठ्या डब्यात आणि तो डबा थर्मोकोलच्या पेटीत ठेवला की हा झोका बराच कमी होतो. विदर्भातल्या मे महिन्यात बाष्पीभवन इतकं झपाट्याने होतं की कागदाला दोन-तीनच भोकं ठेवावीत. पावसाळा लोक टाळतात, पण माझ्या मते या कामाला तोच उत्तम. वाढ अगदी धीमी होते, पण तापमान दिवसरात्र जवळपास एकच राहतं.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. भांड्याच्या कडेने स्फटिकाचा थर वर चढतो आणि द्रावण बाहेर ओढून आणतो. आतल्या कडेला व्हॅसलिनची पट्टी लावली की तो थांबतो. तळाशी नवे खडे धरतात. तेव्हा मुख्य स्फटिक काढून ठेवा, द्रावण गरम करून गाळा, गार करा आणि मगच स्फटिक परत सोडा. फिकट निळा गाळ येतो. तेव्हा ॲसिटिक आम्लाचे थेंब कमी पडले आहेत.

पुरेसा वाढला की बाहेर काढून टिपकागदावर कोरडा करा. पाण्याखाली धरू नका, पैलू बोथट होतात. जाड स्फटिक जवळजवळ काळा दिसतो, पातळ कडेतून उजेड पाहिला की खरा रंग कळतो. ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्ममागे ठेवून फिल्म फिरवली तर छटा बदलतानाही दिसते. बंद काचेच्या बाटलीत ठेवा.

कॅल्शियम घातलं तर

हेच ॲसिटेट कॅल्शियम ॲसिटेटबरोबर स्फटिकवलं की हिरवटपणा जातो आणि निळेशार, चौकोनी छेदाचे प्रिझम मिळतात. माझ्या मते नवशिक्याने वाढवायच्या तांब्याच्या स्फटिकांत यापेक्षा सुंदर काही नाही. ३० ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेल्या चुन्याची पूड, २०० मिली पाण्यात कालवा आणि ४८ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल सावकाश घाला. मिश्रण तापतं, घाई नको. निवळ होईपर्यंत ढवळा, गाळा. २० ग्रॅम कॉपर ॲसिटेट १५० मिली गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि झाकून थंड होऊ द्या.

स्फटिकात कॅल्शियम आणि तांबं समसमान असतात, पण द्रावणात आपण कॅल्शियम चौपट घेतलं. ते कमी केलं तर साधं कॉपर ॲसिटेटच आधी बाहेर पडतं. निळ्यांमध्ये हिरवट खडे दिसू लागले की कॅल्शियम ॲसिटेट वाढवा.

ही दोन्ही संयुगं निसर्गातही सापडली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथल्या खाणीतून २००२ मध्ये त्यांचं खनिज म्हणून वर्णन झालं. साध्या ॲसिटेटला होगनाइट आणि कॅल्शियमवाल्याला पेसाइट अशी नावं मिळाली.

ऑक्झलेट आणि ग्लायसिन

ही दोन प्रयोगशाळेसाठी. पोटॅशियम ऑक्झलेट विषारी आहे, घरी नको. १२.३ ग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट ३५ मिली पाण्यात आणि ४.१ ग्रॅम मोरचूद ८ मिली पाण्यात, दोन्ही ९० अंशांवर. मोरचूद ऑक्झलेटमध्ये ओता, उलटं नको, म्हणजे ऑक्झलेट सतत भरपूर राहील. झटकन थंड केलं तर भुकटी मिळते. भांडं गरम पाण्यासकट थर्मोकोलमध्ये ठेवलं तर निळ्या सुया लांब वाढतात. इथे तांब्याच्या चौपट ऑक्झलेट आहे, जरी कॉम्प्लेक्सला दुप्पटच लागतं. या सुया साध्या पाण्यात पुन्हा स्फटिकवायला गेलात तर कॉपर ऑक्झलेटचा फिकट साका बसण्याची भीती असते. पाण्यात थोडं पोटॅशियम ऑक्झलेट घालूनच विरघळवा.

ग्लायसिनमध्ये गंमत वेगळी आहे. २ ग्रॅम कॉपर ॲसिटेट २५ मिली गरम पाणी आणि २५ मिली इथेनॉलमध्ये घ्या. दीड ग्रॅम ग्लायसिन २५ मिली गरम पाण्यात. इथेनॉल असल्यामुळे उघडी ज्योत नको, पाण्याची परात वापरा. ७० अंशांच्या आसपास मिसळून बर्फात ठेवलं की फिकट निळ्या, रेशमी सुया येतात. हा सिस समघटक, म्हणजे दोन्ही नायट्रोजन एकाच बाजूला असलेलं रूप, लवकर तयार होणारा. थोड्या पाण्यात या सुया तासभर तापवत ठेवल्या की त्यांचं ट्रान्स रूप होतं, बारीक पापुद्र्यांसारखं. घटक तेच, फक्त दोन्ही नायट्रोजन आता समोरासमोर गेलेले.

एक्स-रेसाठी स्फटिक हवा असेल तर

एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मोठा खडा नको असतो, ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा निर्दोष कण हवा असतो. नवा लिगंड असेल तर माल फार थोडा असतो, तेव्हा बाष्प-विसरणाची पद्धत सोयीची. कॉम्प्लेक्सचं एक-दोन मिली गाळलेलं द्रावण छोट्या उघड्या कुपीत घ्या. ती कुपी मोठ्या बाटलीत ठेवा, बाटलीत कॉम्प्लेक्स ज्यात विरघळत नाही असं उडनशील द्रावक घाला, आणि घट्ट झाकण लावा. पाण्यातल्या कॉम्प्लेक्ससाठी इथेनॉल किंवा ॲसिटोन चालतं. वाफ हळूहळू कुपीत उतरते आणि विद्राव्यता कमी होत जाते. हलवायचं नाही, रोज उघडून पाहायचं नाही.

तांब्याची साधी टार्टरेटं पाण्यात इतकी कमी विरघळतात की हीही पद्धत लागू पडत नाही. त्यांच्यासाठी सिलिका जेल. सोडियम मेटासिलिकेटच्या द्रावणात टार्टरिक आम्ल घालून परीक्षानळीत जेल जमवायचं आणि घट्ट झाल्यावर वरून कॉपर क्लोराइडचं द्रावण सोडायचं. तांबं जेलमधून झिरपत टार्टरेटला गाठतं आणि स्फटिक जागच्या जागी वाढतात. खानदेशातल्या महाविद्यालयांत या पद्धतीवर बरंच काम झालं आहे, त्यामुळे जवळच्या विभागात विचारलंत तर हाताशी अनुभवी माणूस मिळू शकतो.

कण निवडताना ध्रुवीकरणाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून बघा. एकल स्फटिक ठरावीक कोनात एकदम, संपूर्ण काळा होतो. अर्धा काळा आणि अर्धा उजळ राहिला तर तो जुळा आहे, सोडून द्या. द्रावणातून काढलेला कण उघड्यावर ठेवला तर आतलं द्रावक उडून तो तडकू शकतो, म्हणून तेलाच्या थेंबात ठेवूनच न्या.

उरलेल्या द्रावणाचं काय

मोरीत किंवा झाडाच्या मुळाशी कधीही ओतू नका. कॅल्शियम नसलेल्या ॲसिटेटच्या द्रावणात धुण्याचा सोडा घालून निळसर-हिरवं कार्बोनेट बसवा आणि पुढच्या खेपेला तेच पहिल्या पायरीचा माल म्हणून वापरा. कॅल्शियमवालं द्रावण पुढच्या कॅल्शियमच्या खेपेसाठीच राखून ठेवा. ऑक्झलेट आणि ग्लायसिनच्या द्रावणातून सोड्याने तांबं पूर्ण खाली येत नाही, कारण लिगंड ते धरून ठेवतो; ती द्रावणं प्रयोगशाळेच्या जड धातूंच्या बाटलीत जमा करा. घरी थोडंसं ॲसिटेटचं द्रावण उरलं असेल तर साधे लोखंडी खिळे टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा. स्टेनलेस स्टीलची घासणी इथे काम करत नाही. तळाशी तांबूस भुकटी जमते. ती गाळून, कोरडी करून, चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवा.